सेकंडहँड ईव्ही आणि तिची बॅटरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीत कुणी जुनी ईव्ही बघायला निघालं की हल्ली मला बरोबर नेतात. मी मेकॅनिक नाही. पाच वर्षांत स्वतःसाठी एक आणि इतरांसाठी बऱ्याच गाड्या बघितल्या, एवढंच माझं क्वालिफिकेशन. दर वेळी प्रश्न तेच येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

पेट्रोल गाडी बघता येते मला. ईव्हीत नेमकं काय वेगळं बघायचं?

पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडलं की आवाज, धूर, ऑइलचा रंग असं बरंच काही कळतं. ईव्हीचं बॉनेट उघडून फक्त धूळ दिसते. मोटर सहसा त्रास देत नाही. क्लच नाही, सायलेन्सर नाही, टायमिंग बेल्ट नाही. ब्रेक पॅडसुद्धा रीजनमुळे, म्हणजे गाडी हळू होताना मोटरच उलटी वीज बनवते त्यामुळे, कमी झिजतात. सस्पेन्शन, टायर, एसी हे नेहमीसारखं बघाच, पण तुमचे खरे पैसे सीटखालच्या त्या बंद पेटीत, म्हणजे बॅटरीत, अडकलेले असतात. ती नीट असेल तर बाकीचं दुरुस्त होतं. ती गेलेली असेल तर गाडी कितीही चकाचक असो, उपयोग नाही.

शंभर टक्के चार्जला स्क्रीनवर २१५ किलोमीटर दाखवतंय. मग बॅटरी चांगलीच असणार ना?

नाही. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच.

तो आकडा म्हणजे गाडीने बांधलेला अंदाज असतो. गेले काही दिवस गाडी कशी चालली, त्यावरून पुढे किती चालेल याचा. आठवडाभर सिटीत चाळीसच्या स्पीडने, इको मोडमध्ये, एसी बंद ठेवून गाडी फिरवली की आकडा आपोआप फुगतो. विकणाऱ्याने मुद्दाम केलं असेल असंही नाही, गाडी सोसायटीतल्या आजोबांची असेल तरी तेच होतं. उलट कालच कुणी एक्सप्रेस वेवर शंभरने मारून आणली असेल तर चांगल्या बॅटरीचाही आकडा पडलेला दिसेल.

आणि 'शंभर टक्के' या शब्दाचंही तसंच. पावसाळ्यात पेपरात बातमी येते, धरण शंभर टक्के भरलं. पण तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ साठलेला असतो. भरलं ते खरं, पण मूळ क्षमतेइतकं पाणी आता त्यात मावत नाही. बॅटरीचं तंतोतंत असंच आहे. जुनी बॅटरी शंभर टक्के भरते, फक्त ते शंभर टक्के लहान झालेले असतात.

एसओएच, एसओएच म्हणतात ते काय?

स्टेट ऑफ हेल्थ. नवीन असताना मावायची त्याच्या किती टक्के वीज आता मावते, तो आकडा. चार्ज किती शिल्लक आहे ते सांगणारा एसओसी वेगळा. एसओएच बऱ्याच गाड्यांत स्क्रीनवर दिसतच नाही. सर्व्हिस सेंटरच्या मशीनवर दिसतो, आणि काही गाड्यांत ओबीडी डोंगल लावून, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटात बसून फोनवर डेटा दाखवणारं छोटं यंत्र.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी हेल्थ रिपोर्ट काढून घ्या. पैसे लागले तर तुम्ही भरा, पण तुमच्या डोळ्यांदेखत काढा आणि चेसिस नंबर ताडून बघा. दुसऱ्याच गाडीच्या रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मी पाहिलाय. चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे तेवढे अंगठ्याखाली झाकले होते.

मात्र एसओएच हाही गाडीतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, काढलेला हिशोबच असतो. काही मॉडेल्समध्ये कंपनीने वरखाली थोडी क्षमता राखून ठेवलेली असते, त्यामुळे आकडा दोन-तीन वर्षं शंभरवरून हलतच नाही. तेव्हा रिपोर्ट घ्या, पण त्याच्या जोडीला स्वतः मोजा.

स्वतः कसं मोजायचं?

युनिटं मोजायची. लाइटबिलावर असतं तेच युनिट, एक किलोवॉट-तास. बॅटरीत किती युनिटं गेली आणि त्यात किती टक्के चढले, हे दोन आकडे मिळाले की पाचवीतला त्रैराशिकाचा हिशोब उरतो.

गेल्या वर्षी माझ्या मावसभावासाठी २०२१ची नेक्सॉन ईव्ही बघितली. जुन्या नेक्सॉनची बॅटरी कागदोपत्री ३०.२ युनिटांची. मालक सज्जन होते, रात्रभर गाडी लावू दिली. त्यांच्या पार्किंगमध्ये चार्जिंगसाठी वेगळा सबमीटर होता. रात्री पावणेनऊला प्लग लावला तेव्हा स्क्रीनवर १८ टक्के. मी मीटरचा फोटो काढला, स्क्रीनचाही काढला. पंधरा अँपियरच्या प्लगवर तासाला साधारण तीन युनिटं जातात, म्हणजे नऊएक तासांचं काम. सकाळी सातला चहा घ्यायला गेलो तर गाडी शंभरवर येऊन थांबली होती. मीटर पुढे सरकला होता २६.४ युनिटं.

आता हिशोब. भिंतीतून निघालेली सगळी वीज बॅटरीत पोचत नाही. ऑनबोर्ड चार्जर तापतो, पंप चालतो. घरच्या प्लगवर दहा ते पंधरा टक्के वाटेत जातात. मी बारा धरतो. २६.४ मधून बारा टक्के वजा केले की उरतात सव्वातेवीसच्या आसपास. ही वीज ८२ टक्क्यांत मावली, तर शंभर टक्क्यांत साधारण २८.३. भागिले ३०.२. म्हणजे ९४ टक्के. चार वर्षांच्या गाडीला उत्तम. हाच मीटर २२ वर थांबला असता तर उत्तर ७८च्या घरात आलं असतं, आणि आम्ही चहा पिऊन घरी आलो असतो.

दोन-तीन पथ्यं. सुरुवात वीसच्या खालून करा आणि शेवट शंभरवर, कारण मधल्या टप्प्यावरचे टक्के बेभरवशाचे असतात. चार्जिंग चालू असताना गाडीत एसी लावून बसू नका. शेवटी सेल बॅलन्सिंगसाठी, म्हणजे बॅटरीतले सगळे छोटे सेल सारखे भरायला, गाडी ९९वर बराच वेळ घुटमळते, घाई करून प्लग काढू नका. सबमीटर नसेल तर सोळा अँपियर झेपणारं प्लगमध्ये बसणारं एनर्जी मीटर मिळतं, ते चालेल. फक्त लोकल ब्रँडचं घेऊ नका, रात्रभर लोड घेताना तापतं.

या पद्धतीत तीन-चार टक्के इकडेतिकडे होणारच. ९४ आहे की ९१, यावर वाद घालू नका. ९४ आहे की ७८, एवढं कळलं की काम झालं.

रात्रभर गाडी कोण देतो? डीलर तर अर्धा तासही देत नाही.

मग टेस्ट ड्राइव्ह सार्वजनिक डीसी चार्जरवर, म्हणजे फास्ट चार्जरवर, न्या. पैसे तुम्ही भरा म्हणजे कुणी नाही म्हणत नाही. मशीनच्या स्क्रीनवर किंवा अॅपमध्ये किती युनिटं दिली ते येतं. जुन्या नेक्सॉनमध्ये २० ते ८० टक्के करायला १९ युनिटांच्या आसपास लागायला हवीत. पंधरातच ऐंशीवर गेली तर बॅटरी आकसल्याची दाट शंका. मधले टक्के बेभरवशाचे, म्हणून हा अंदाज ढोबळच. डीसीवर वाया जाणारी वीज कमी असते, पाच टक्के धरा.

याचा दुसरा फायदा असा की फास्ट चार्जिंग चालतं की नाही तेही कळतं. घरी चार्ज होणारी पण डीसीवर दर वेळी दोन मिनिटांत एरर देणारी गाडी मी बघितली आहे. मालक म्हणाला, "चार्जरच खराब असतात हो सगळे." तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे चार्जर एकाच दिवशी खराब?

चालवून काही कळतं का?

कळतं, पण जिथून निघालात तिथेच परत या. चढ-उतारामुळे सगळे अंदाज चुकतात. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना साडेपाचशे मीटर चढायचे असतात. माणसांसकट साडेसोळाशे किलोंची गाडी नुसती तेवढी वर उचलायलाच अडीच युनिटं लागतात, वरचा लॉस वेगळा. तीस युनिटांच्या बॅटरीतले आठ-दहा टक्के घाटानेच खाल्ले. ते बघून बॅटरी गेली म्हणून घाबरू नका. आणि खंडाळ्याहून खाली येताना टक्के वाढताना दाखवून विकणारे असतील तर त्यांना कोपरापासून नमस्कार करा.

साठ-सत्तरच्या स्पीडने, एसी लावून, तीसेक किलोमीटर जाऊन-येऊन करा. ट्रिप मीटर शून्य करून निघा. किती टक्के गेले, किती किलोमीटर झाले, बस्स. एक टक्क्याला दोन किलोमीटर पडले तर जुन्या नेक्सॉनची खरी रेंज दोनशे झाली, आणि ती ठीक आहे. ब्रोशरवरचे ३१२ प्रयोगशाळेतले होते. ते नवीन गाडीलाही रस्त्यावर कधी मिळाले नाहीत.

चार्ज वीस टक्क्यांच्या खाली असताना जोरात अॅक्सिलरेटर दाबून बघा. टक्के पटापट गळाले, म्हणजे १८वरून एकदम ११वर आले, तर आतला एखादा सेल कमजोर असू शकतो. ही चाचणी सगळ्यात शेवटी आणि चार्जरजवळ करा, हे सांगायला नकोच.

ओबीडी डोंगल घेऊ का?

घ्या, पण तुमच्या मॉडेलचा डेटा त्या अॅपला वाचता येतो का ते आधी बघा. सगळ्या गाड्यांत येत नाही. येत असेल तर एसओएचपेक्षा मला सेलच्या व्होल्टेजमधला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सेल एकमेकांच्या जवळ हवेत, विशेषतः चार्ज कमी असताना. बॅटरी म्हणजे साखळी, आणि बीएमएस गाडी थांबवतो ती सगळ्यात अशक्त कडीकडे बघून. सरासरी ९२ असून एक सेल मेलेला असेल, तर त्या ९२चं काय लोणचं घालायचं?

एलएफपी बॅटरी चांगली की एनएमसी?

ही बॅटरीतल्या रसायनांची नावं: एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट. जुन्या गाडीसाठी मी एलएफपीच्या बाजूने. चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं जास्त सोसते, उष्णतेलाही जास्त टिकते. जुन्या नेक्सॉनमध्ये एलएफपी आहे, २०१९मध्ये आलेल्या कोना इलेक्ट्रिकमध्ये एनएमसी.

एलएफपीची एक खोड माहीत हवी. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे चार्ज ७० टक्के आहे की ४०, हे बीएमएसला व्होल्टेजवरून नीट ओळखता येत नाही. अधूनमधून पूर्ण शंभर केलं की त्याला ठाव लागतो. महिनोन्महिने ऐंशीवरच थांबवलेली एलएफपी गाडी चुकीचे टक्के दाखवते आणि बॅटरी आहे त्याहून वाईट वाटते. एक-दोनदा पूर्ण चार्ज केल्यावर अशी गाडी सुधारलेली मी पाहिलीय. घासाघीस करायला हा मुद्दा तुमच्या फायद्याचा आहे, पण विकणाऱ्याला सांगायचा की नाही ते तुमच्या मनावर.

८०,००० किलोमीटर चाललेली तीन वर्षांची गाडी बरी, की १५,००० चाललेली सहा वर्षांची?

बहुतेक वेळा पहिली. बॅटरी वापराने झिजते तशी नुसती उभी राहूनही झिजते, आणि पूर्ण चार्ज करून उन्हात उभी राहिली तर जास्तच. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्या पार्किंगमध्ये शंभर टक्के चार्जवर उभ्या असलेल्या गाडीची मला काळजी वाटते. उष्णता बॅटरीचं काय करते ते जगाने २०१२मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोनात बघितलं. तिथल्या वाळवंटात निसान लीफच्या बॅटऱ्या दीड-दोन वर्षांतच आटल्या. त्या गाडीत बॅटरीला लिक्विड कूलिंग नव्हतं. म्हणून लिक्विड कूलिंग आहे का, आणि असेल तर कूलंटची पातळी बरोबर आहे का, हे बघाच.

रोज पुणे-चाकण करणाऱ्या, घरी स्लो चार्ज होणाऱ्या गाडीचं किलोमीटर बघून लोक नाक मुरडतात. ती मला स्वस्तात मिळाली तर मी घेईन.

फास्ट चार्जरवर वाढलेली गाडी नकोच ना?

अधूनमधून डीसी केलं तर काही बिघडत नाही. रोज केलं असेल तर झीज थोडी जास्त. युनिटं मोजली की ते कळतंच, मग इतिहासावर भांडायचं कारण उरत नाही.

गाडी आधी टॅक्सी होती का, कसं कळणार?

नंबर प्लेट बघा. खासगी ईव्हीची हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं, टॅक्सीची हिरव्यावर पिवळी. पण टॅक्सीतून खासगीत बदलून घेतलेल्या गाडीवर पाटी नवीन असते, म्हणून आरसी आणि वाहन पोर्टलवरची नोंद वाचा. मागच्या सीटचं कापड, मागच्या दारांची हँडलं आणि डिकीचा काठ यांवरूनही टॅक्सी ओळखू येते.

खरी मेख पुढे आहे. दिसायला सारख्या, आतून वेगळ्या गाड्या. २०२१नंतरच्या टिगोर ईव्हीत २६ युनिटांची बॅटरी, आणि टॅक्सीसाठी बनवलेल्या तशाच चेहऱ्याच्या सुरुवातीच्या एक्सप्रेस-टीमध्ये १६.५ किंवा २१.५. टिआगो ईव्ही १९.२चीही येते, २४चीही. नेक्सॉन ३०.२ आणि मॅक्स ४०.५. झेडएस ईव्ही आधी ४४.५ची होती, २०२२पासून ५०.३ची. जाहिरातीत 'टिगोर इलेक्ट्रिक' एवढंच लिहून भाव मोठ्या बॅटरीचा लावतात. आरसीवरचं व्हेरियंट वाचल्याशिवाय टोकन देऊ नका. वर सांगितलेला युनिटांचा हिशोबही मूळ आकडा चुकला तर आख्खाच चुकतो.

पुरातली गाडी कशी ओळखायची?

२०२१मध्ये चिपळूण, २०१९ आणि २०२१मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२४च्या जुलैत पुण्यात सिंहगड रोड. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. बॅटरीची पेटी पाणी आत येऊ नये अशीच बनवलेली असते, पण तासन् तास बुडून राहिल्यावर कनेक्टर आणि सीलची खात्री कोण देणार? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा. इन्शुरन्स क्लेमची हिस्ट्री मागा.

गाडी लिफ्टवर चढवून पोटही बघाच. सोसायट्यांचे स्पीडब्रेकर म्हणजे बॅटरीचे जन्माचे वैरी. पेटीच्या तळाला साधा ओरखडा चालतो. पोचा असेल, कडेचा बोल्ट नवीन दिसत असेल किंवा कुठे कूलंटचा ओघळ असेल तर सर्व्हिस सेंटरला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. वॉरंटीतही बाहेरून लागलेला मार सहसा बसत नाही. हाय-व्होल्टेजच्या केशरी केबलला हात लावू नका, मेकॅनिक कितीही ओळखीचा असला तरी.

वॉरंटी माझ्या नावावर होते का?

बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी गाडीबरोबर पुढे जाते, पण आपोआप जाते असं धरून चालू नका. अटी वाचा, सर्व्हिस सेंटरला मेल करून लेखी उत्तर घ्या. नेक्सॉन आणि कोनाला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. वर्षं पहिल्या मालकाच्या तारखेपासून मोजतात. पहिल्या नेक्सॉन २०२०च्या जानेवारीत आल्या, म्हणजे त्या लॉटची मुदत २०२८च्या सुरुवातीला संपायला लागेल. अशा गाडीला 'वॉरंटीत आहे' म्हणून जास्त भाव देण्यात अर्थ नाही.

आजीवन वॉरंटीच्या जाहिरातीही नीट वाचा. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांना दिलेली आजीवन वॉरंटी पहिल्या नोंदणीकृत मालकापुरती आहे. दुसरा मालक म्हणून तुम्हाला ती लागू नाही.

आणि किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर कंपनी बॅटरी बदलते किंवा दुरुस्त करते, तो आकडा विचारा. सर्व्हिस वेळेवर झालेली नसली तर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं.

बॅटरी भाड्याची असेल तर?

हा नवा प्रकार. २०२४च्या सप्टेंबरमध्ये एमजी विंडसर ९.९९ लाखांत आली ती बॅटरीशिवायच्या किमतीत, बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये वेगळे. अशी गाडी जुन्या बाजारात आली की भाव भलताच आकर्षक दिसतो. बॅटरीचं भाडं किंवा कर्ज कुणाच्या नावावर आहे, ते तुमच्याकडे येणार की मालक फेडणार, फायनान्सरची एनओसी कुठे आहे, हे कागदावर आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आरसीवर बोजा असेल तर फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवायचा अर्ज, हवाच.

बघायला गेलो तर गाडी उघडेचना, सगळी मेलेली. बॅटरी गेली?

बहुधा मोठी नाही, छोटी गेली. ईव्हीतही नेहमीची बारा व्होल्टची बॅटरी असते. दिवे, लॉक, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर चालतं. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी दगडासारखी उभी राहते, किंवा स्क्रीनवर वीस प्रकारच्या वॉर्निंग येतात. बदलायला काही हजार लागतात. पण महिनाभर उभी असलेल्या गाडीतच हे जास्त होतं, म्हणून इतके दिवस का उभी होती ते विचारा.

किती टक्के असली तर घ्यायची?

तीन-चार वर्षांच्या गाडीला नव्वदच्या वर असेल तर डोळे झाकून नाही, पण निर्धास्त. पंच्याऐंशी ते नव्वद असेल तर भाव पाडून. ऐंशीच्या खाली मी फक्त दोन परिस्थितींत जातो: वॉरंटी शिल्लक आहे आणि क्लेम होईल हे सर्व्हिस सेंटरने लेखी दिलंय, किंवा वापर रोजचा चाळीस किलोमीटरचाच आहे आणि गाडी अगदी कवडीमोल मिळतेय. जुन्या नेक्सॉनमध्ये पंच्याहत्तर टक्के राहिले तरी दीडशे किलोमीटर जाते. कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन करणाऱ्याला तेवढं पुरतं. महिन्यातून दोनदा पुणे-कोल्हापूर करणाऱ्याला नाही.

व्यवहार झाला. आता पहिल्या दिवशी काय करू?

शंभर टक्के चार्ज करा, युनिटं लिहून ठेवा. चार्जिंग पोर्टच्या पिना काळवंडल्या नाहीत ना आणि गाडीबरोबरची केबल तीच आहे ना, हे खरं तर आधीच बघायला हवं होतं, पण राहिलं असेल तर आज बघा. घरचा पंधरा अँपियरचा सॉकेट चांगल्या कंपनीचा बसवून घ्या, साधा सॉकेट नऊ तासांच्या लोडला वितळतो.

आणि जुन्या मालकाला समोर बसवून त्याच्या फोनमधल्या गाडीच्या अॅपमधून गाडी काढायला लावा. मावसभावाचं हे राहून गेलं होतं. तीन आठवड्यांनी त्या सज्जन गृहस्थांचा फोन आला: "अहो, तुम्ही महाबळेश्वरला पोचलात वाटतं, चार्ज बाराच टक्के दाखवतंय. जपून."